घरच्या सागाची लाकडी खोली: या चुका टाळा

दिवाळी झाली की कोणीतरी बागायतदार फोन करतोच. "सागाची विरळणी करायचीय, त्याच लाकडाची बागेत छोटी खोली उभी करू म्हणतो. मेपर्यंत होईल ना?" होईल की. पुढच्या मेमध्ये तिच्याकडे बघवणार नाही, एवढंच.

माझी पहिली खोली दहा बाय बाराची. नोव्हेंबरात साग तोडले, फेब्रुवारीत ओंडके आडवे एकावर एक रचून भिंती उठवल्या आणि दाराची चौकट ओंडक्यांना खिळ्यांनी घट्ट ठोकली. "भाऊ, लाकूड कच्चं आहे, थांबा," असं सुतार दोनदा म्हणाला. मला घाई. ओलं लाकूड सुकताना लांबीला जवळजवळ आटत नाही, जाडीला आटतं. आडव्या ओंडक्यांच्या भिंतीत ही घट ओंडक्यागणिक साठत जाते. आठ फुटी भिंत दोन उन्हाळ्यांत अडीच इंच खाली बसली. चौकटीचे उभे खांब मात्र होते तेवढेच राहिले. वरचे ओंडके चौकटीवर अडकले, बाजूचे खाली गेले, मध्ये बोटभर फट पडली. सगळा भार पेलून चौकटीचं वरचं लाकूड वाकलं आणि एका सकाळी दार उघडेना. आत सासरे होते. त्यांना खिडकीतून बाहेर काढलं; आजही प्रत्येक लग्नात ते ही गोष्ट सांगतात.

आता मी चौकटीच्या वर तीन इंच मोकळे सोडतो. ती फट झाकायला फळी लावतो, पण फळीचे खिळे फक्त वरच्या ओंडक्यात. चौकट ओंडक्यांना ठोकतच नाही. ओंडक्यांच्या टोकांना उभी खाच पाडून तिच्यात पट्टी बसवतो आणि चौकट त्या पट्टीला जोडतो, म्हणजे भिंत खुशाल खाली सरकते. पडवीच्या खांबांखाली पाचरी ठेवतो, दर शिमग्याला बघून थोड्या सैल करतो.

तोडलेला ओंडका त्याच दिवशी सोलायचा, नाहीतर सालीखाली भुंगेरे संसार थाटतात. टोकांना ऑइल पेंट फासायचा, म्हणजे चिरा कमी जातात. मग जमिनीपासून वर, छपराखाली, एक अख्खा पावसाळा पडू द्यायचं. एवढं करूनही सहा इंची ओंडका आतून ओलसरच असतो, म्हणून वरची फट सोडायचीच.

"साग आहे, त्याला काय होतंय?" या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. टिकतो तो सागाचा गाभा. पंधरा-वीस वर्षांच्या झाडात बाहेरचं पांढुरकं लाकूड भरपूर असतं आणि ते वाळवीला, किड्याला आवडतं. मी दोन बाजू तासून काढतो, उरलेल्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजतो. हे औषध पावसानं धुऊन जातं. म्हणून पागोळ्या भिंतीपासून तीन फूट लांब पडल्या पाहिजेत आणि जोतं जांभ्याचं, दोन फूट उंच. परदेशी व्हिडिओ बघून आखूड छपराची खोली बांधणाऱ्यांनी कोकणातली जुलैची झड आठवावी. तिकडे बर्फ पडतो, इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस.

खांब थेट मातीत गाडू नका. काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला हातमोज्यांशिवाय लावू नका, कातडी सोलून निघते. ऐन, किंजळ या झाडांच्या लाकडात साधे लोखंडी खिळे मारले की ते काळं पडतं.

झाड आपल्या सातबाऱ्यावर असलं तरी साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा यांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि ओंडके गिरणीवर न्यायचे तर वाहतुकीचा परवाना वेगळा. आजोबा अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचे, मीही तेच करतो. का, ते विचारू नका. परवानगीचा कागद शुक्ल पक्षात हाती पडला, तर कुऱ्हाडीला धार लावत बसतो.