मुलाला परदेशी नेताना अविवाहित पालकांनी काय पाहावे

बडोद्याहून मुलाला घेऊन परदेशी स्थायिक व्हायचे असेल आणि आईवडिलांचा विवाह झालेला नसेल, तर तिकिटांआधी पालकत्वाचे कागद पाहावेत. हिंदूंना लागू असलेल्या १९५६ च्या पालकत्व कायद्यानुसार अशा मुलाची नैसर्गिक पालक प्रथम आई असते, तिच्यानंतर वडील. शिवाय २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला वडिलांना नोटीस न देताही पालकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. जन्मदाखल्यावरील वडिलांचा रकाना भरलेला आहे की कोरा, हे दांडिया बाजारात झेरॉक्स काढण्याआधीच नीट वाचावे, ऐनवेळी नव्हे. वडील मुलाला नेणार असतील, तर आईची नोटरीकृत लेखी संमती घ्यावी; ती मिळत नसेल, तर मूल जिथे राहते तिथल्या, म्हणजे बडोद्याच्याच, न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्वासाठी अर्ज करावा.