नाण्यांचा संग्रह विकायला काढताना घरी करायची तयारी

नाणी घासू नका. ही सूचना सगळ्यात सोपी, आणि तीच सगळ्यात जास्त मोडली जाते. गिऱ्हाईक बघायला येणार म्हटले की घरात कोणीतरी चिंच, लिंबू, पितांबरी नाहीतर टूथपेस्ट घेऊन बसते आणि संग्रहाची निम्मी किंमत तिथेच नळाखाली वाहून जाते. चांदीच्या रुपयावर वर्षानुवर्षे चढलेला करडा-निळसर थर संग्राहकाला हवाच असतो, कारण नाण्याला कोणी हात लावलेला नाही याची ती साक्ष असते. घासल्यावर नाणे पांढरेशुभ्र दिसते खरे, पण ठोक्याची मूळ झळाळी गेलेली असते आणि दहापट भिंगाखाली एका दिशेने ओढलेले बारीक ओरखडे लगेच दिसतात. शिवराईचे, म्हणजे मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्याचे, तर आणखी वाईट. तिच्यावरचा तपकिरी, गुळगुळीत थर निघाला की खालचे तांबे केशरी, कच्चे दिसते आणि तो थर परत आणता येत नाही. लक्ष्मीपूजनातल्या रुपयांवर हळदकुंकू बसलेले असेल, तर तेवढीच नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास ठेवा, सुती कापडाने न चोळता टिपा आणि वाळू द्या. त्यावर जे राहील ते राहू द्या.

टेबलावर जाड मऊ टॉवेल पसरा, हात धुऊन कोरडे करा आणि नाणे कडेला धरूनच उचला. सामान फार लागत नाही: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग, एक जोरदार छोटा लोहचुंबक, आणि मायलर या पारदर्शक फिल्मची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर. नाणी जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये असतील तर आधी ती बाहेर काढा. या प्लॅस्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या, कप्प्यांतून तेलकट द्रव सुटतो आणि चांदीवर हिरवट, चिकट थर बसतो, कोकणच्या दमट हवेत तर लवकर. हा थर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन, खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून लांब राहून काढता येतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात सुगंध आणि तेल असते. पिना मारलेल्या जुन्या होल्डरमधून नाणे ओढून काढू नका. पिनेचे टोक राजाच्या गालावरून फिरले की संपले. आधी पिना काढा, मग होल्डर उघडा.

जुनी पाकिटे, चिठ्ठ्या, दुकानाची बिले टाकू नका. नाणे कधी आणि कोणाकडून घेतले हे सांगणारा कागद नाण्याबरोबरच जातो. करासाठी आणि मालकीच्या पुराव्यासाठीही तोच उपयोगी पडतो.

आता ढीग पाडा. महाराष्ट्रातल्या घरगुती संग्रहात साधारण हेच निघते: ब्रिटिश काळातले रुपये आणि त्यांची चिल्लर, शिवराया, मराठा व मोगल घाटाचे चांदीचे रुपये, हैदराबाद, बडोदा, इंदूर अशा संस्थानांची नाणी, गोव्याची पोर्तुगीज रुपिया, आणि स्वातंत्र्यानंतरची स्मारक नाणी. प्रत्येकाचे गिऱ्हाईक वेगळे असते, म्हणून हे ढीग शेवटपर्यंत वेगळेच ठेवा. सगळे एकत्र दाखवले की समोरचा सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगतो, आणि त्या आकड्यात चांगली नाणी फुकट जातात.

ब्रिटिश रुपयांची छाननी सावकाश करा. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि ९१.७ टक्के चांदीचा. त्यात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ चा रुपया तेवढ्याच वजनाचा, पण चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा, चांदी अजिबात नाही. एवढे तीन गट केल्याशिवाय सराफाच्या दारात जाऊ नका. मोडीचा, म्हणजे नुसत्या धातूचा, भाव हा तळ आहे, आणि तो तळ प्रत्येक नाण्यासाठी तुम्हाला आधी माहीत असला पाहिजे.

मग साले आणि टंकसाळीच्या खुणा. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि तो छाप बदलला. म्हणून डुक्करछाप रुपया फक्त १९११ चा. १९१२ पासून सोंड ठळक आहे. १८६२ लिहिलेले रुपये सगळे एका वर्षाचे नाहीत. तेच साल १८७४ पर्यंत छापत राहिले, आणि मुंबई टंकसाळीत सालाखाली बारीक ठिपके वाढत गेले. ते ठिपके भिंगाखाली मोजून यादीत लिहा, कारण किंमत तिथे फिरते. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. १९४३ ते १९४५ मध्ये इंग्रजी एल दिसला तर लाहोर.

१९३९ चा दुर्मिळ रुपया हाती लागला तर आनंद आवरा आणि आधी तपासा. याच सालाच्या नकला भरपूर आहेत. शेवटच्या ९ भोवतीचा पृष्ठभाग भिंगाखाली बघा: आकडा खरवडून बदललेला असेल तर भोवतीची जमीन खोलगट किंवा वेगळ्या चमकेची दिसते. मग घनता काढा, घरी दहा मिनिटांचे काम आहे. नाणे कोरडे तोला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असे सोडा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. ९१.७ टक्के चांदीचा पूर्ण वजनाचा रुपया पाण्यात साधारण १.१३ दाखवतो, घनता १०.३ च्या आसपास. निम्म्या चांदीचा रुपया १.२२ च्या जवळ जातो, आणि पितळेवर मुलामा असेल तर १.३५ च्याही वर. झिजलेल्या नाण्यात दोन्ही आकडे कमी होतात, पण भागाकार तोच राहतो, म्हणून निर्णय भागाकारावर करा. चुंबकाला चिकटणारा चांदीचा रुपया खोटा, हे खरे. पण न चिकटणारा प्रत्येक रुपया खरा नसतो. कडेवर साच्याची शिवण, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल, ही ओतीव नकलेची लक्षणे.

दागिन्यातून सुटलेली नाणी बाजूला काढा. रुपयांचा हार मोडून काढलेल्या नाण्याच्या कडेला डाग दिल्याचा, म्हणजे सोल्डरचा, ठिपका असतो, कधी भोक बुजवलेले असते. त्याला संग्राहकाची किंमत फार कमी मिळते. ते लपवू नका, यादीत सरळ लिहा. भिंगाखाली ते दिसतेच, आणि एक गोष्ट लपवलेली सापडली की बाकीच्या यादीवरचा विश्वासही जातो.

शिवराईबद्दल घरोघरी एक समज असतो की प्रत्येक शिवराई शिवाजी महाराजांच्या काळातली. तसे नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्र पति’ ही अक्षरे महाराजांनंतर, पेशवाईत आणि पुढेही, कितीतरी ठिकाणी पाडली गेली. बहुतेक शिवराया त्या पुढच्या काळातल्या आहेत. म्हणून यादीत ‘शिवकालीन’ असे लिहू नका. वजन, व्यास, अक्षरे कशी लिहिली आहेत, दोन ओळींमध्ये दुदांडी म्हणजे दुहेरी रेघ आहे का, ठिपके कुठे आहेत, हे लिहा. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्याने अक्षरे नेहमी कापली जातात. ज्या शिवराईवर सगळी अक्षरे पुरी बसली आहेत ती शंभरातून निवडून वेगळ्या होल्डरमध्ये ठेवा, बाकीच्या लॉटने जाऊ द्या. सोन्याचा होन निघाला तर जाणकाराला दाखवल्याशिवाय एक शब्द बोलू नका, त्याच्या नकला पिढ्यान् पिढ्या होत आल्या आहेत. चांदीच्या रुपयावर अंकुश दिसला तर तो मराठ्यांचा अंकुशी रुपया. चांदवडसारख्या टंकसाळींची नाणीही याच ढिगात येतात. फारसी अक्षरे वाचता येत नसतील तर दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथले नाणेसंग्रहालय एकदा बघून आलात तर आपल्या हातात काय आहे याचा डोळा तयार होतो.

राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान असलेली, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ सारखे साल टाकलेली तांब्याची नाणी मात्र नाणी नव्हेत. कंपनीने अशी चलनी नाणी पाडलीच नाहीत. ती देवघरात ठेवा, यादीत नको.

स्मारक नाणी पटकन उरकतात. १९६९ चे गांधीजींचे दहा रुपये १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे; १९७२ चे स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपये ५० टक्के चांदीचे. टंकसाळीचा संच असेल तर डबी, पुठ्ठा, कागद सगळे बरोबर ठेवा आणि सीलबंद पाकीट उघडू नका.

यादी साध्या एक्सेलमध्ये करा: क्रमांक, राजा किंवा राज्य, मूल्य, साल, टंकसाळ, धातू, वजन, व्यास, दर्जा, दोष, कागदपत्र. होल्डरवर तोच क्रमांक. फोटो दोन्ही बाजूंचे आणि महागड्या नाण्याच्या कडेचाही, खिडकीजवळच्या मंद उजेडात, फ्लॅशशिवाय. दर्जा स्वतः ठरवताना एक पायरी खालीच धरा. राजाच्या केसांची आणि मुकुटाची बारीक रेघ दिसत नसेल तर नाणे उत्तम म्हणू नका. किंमत ठरवताना जाहिरातीत मागितलेले आकडे विसरा. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. मुंबई, अहमदाबाद, बंगळुरूच्या लिलावगृहांचे जुने निकाल ऑनलाइन मिळतात. त्याच साल-टंकसाळीचे, त्याच दर्जाचे तीन निकाल सापडले तर मधला धरा.

कायद्याच्या बाजूला दोन-चार गोष्टी पक्क्या करा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भावाला त्याच्या वाट्याचे मोगल रुपये कुरिअरने पाठवणे किंवा सुट्टीवर आलेल्या मुलाच्या बॅगेत देणे, दोन्ही चुकीचे. वाटणी पैशांत करा. व्यवसाय म्हणून पुरावशेष विकणाऱ्याला परवाना लागतो, तेव्हा व्यापारी किंवा लिलावगृह परवानाधारक आहे का ते विचारा. वाडा पाडताना किंवा शेत नांगरताना सापडलेली नाणी संग्रहात मिसळू नका. १८७८ च्या कायद्याने त्यांची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. वारसाहक्काने आलेल्या संग्रहाला सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, आणि ती विक्रीच्या आधी घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारू नका. नफा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ठरला तर, २३ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहारांना १२.५ टक्के दर आहे. वडिलांनी घेतलेल्या नाण्याला वडिलांची मूळ किंमत आणि मुदत धरतात, २००१ पूर्वीच्या खरेदीला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. आपल्याला काय लागू आहे ते यादी दाखवून सीएकडून लिहून घ्या.

फोनवर कोणी ‘तुमच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी रिझर्व्ह बँकेचे शुल्क भरा’ म्हणाला तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केले आहे की ती अशा व्यवहारांत नसते आणि कसलेही शुल्क किंवा कमिशन घेत नाही. विक्रेत्याने आधी पैसे भरायचे असा खरा व्यवहार नसतो.

कुठे विकायचे ते ढिगावर ठरते. साधे, झिजलेले रुपये मोडीच्या भावाच्या थोडे वर व्यापारी लगेच घेतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. दुर्मिळ साल, चांगल्या दर्जाचे नाणे, अंकुशी किंवा संस्थानी रुपया लिलावात द्या. शिवराया आणि मधल्या दर्जाची नाणी पुण्यातल्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनात संग्राहकांना थेट विकली तर बरी जातात, पण तिथे पहिल्या टेबलावर विकू नका. यादी घेऊन सगळी टेबले फिरा, तीन भाव लिहून घ्या, मग ठरवा. लिलावगृहाशी बोलताना विक्रेत्याकडून किती टक्के कमिशन, राखीव किंमत (जिच्या खाली नाणे विकायचे नाही ती) कोण ठरवणार, फोटो व विम्याचा खर्च कोणाचा, न विकलेला माल परत कधी आणि कोणाच्या खर्चाने, पैसे किती दिवसांत बँकेत, हे सगळे करारात लिहिलेले हवे.

नाणी सोपवण्याच्या दिवशी एकटे जाऊ नका. यादीच्या दोन प्रती, पॅन, आधार, रद्द केलेला चेक बरोबर घ्या. प्रत्येक नाणे क्रमांकाने मोजून, महागडी नाणी तिथल्या काट्यावर वजन करून, पावतीवर नाण्याचे वर्णन आणि वजन लिहून घ्या. ‘जुनी नाणी, नग ८४’ अशी पावती घेऊ नका. न विकलेली नाणी परत आली की तीच पावती आणि तेच फोटो समोर ठेवून वजन, ओरखडे, टंकसाळीची खूण ताडून पाहा, आणि मगच पोच द्या.