भाड्याच्या मदतीचा अर्ज करताय? मग तब्येतीचा रकाना नीट भरा

घरात वयस्कर माणूस, उत्पन्न तुटपुंजं आणि भाड्यासाठी मदत मागायचीय, अशा वेळी आपण उत्पन्नाचे कागद मरमर करून जमवतो आणि तब्येतीच्या रकान्यात 'बीपी, शुगर' एवढं लिहून मोकळे होतो. घोळ तिथेच होतो, कारण बऱ्याच योजनांमध्ये नंबर आधी लागणार का, तळमजला मिळणार का, हे त्या रकान्यावरच ठरतं.

डॉक्टरांची चिठ्ठी घ्याच, पण नुसतं आजाराचं नाव नको. 'संधिवात' वाचून टेबलापलीकडच्या माणसाला काय कळणार? 'दहा पायऱ्या चढल्या की बसावं लागतं, रात्री तीनदा लघवीला उठतात, आंघोळीला धरायला कोणीतरी लागतं' असं लिहून मागा, मग लिफ्ट, बाथरूममध्ये दांडा, सोबत राहणाऱ्यासाठी जास्तीची खोली हे सगळं हक्काने मागता येतं. म्हातारी माणसं स्वतः हे सांगत नाहीत हो, 'मला काय धाड भरलीये' म्हणतात, म्हणून दवाखान्यात तुम्ही सोबत जा.

पैशाचा हिशोब करताना भाडं, लाइटबिल आणि औषधं एकत्रच धरा. भाडं उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत असावं असा ढोबळ नियम आहे, पण भाडं भागवायला गोळ्या एक दिवसाआड घेतल्या जात असतील तर तो नियम काय चाटायचाय? औषधखर्च उत्पन्नातून वजा होतो का ते विचारा, काही योजनांत होतो.

वेटिंग लिस्ट लांबलचक असते. पत्र जुन्या पत्त्यावर जातं, उत्तर जात नाही आणि नाव कटतं, त्यामुळे पत्ता, नंबर बदलला किंवा पेशंट ॲडमिट झाला की लगेच लेखी कळवा, पोच घ्या, दुसरा संपर्क म्हणून स्वतःचा नंबर द्या.

घर बघायला जाल तेव्हा पलंग जिथे ठेवणार तिथून संडासापर्यंत चालून बघा. मधे उंबरा आहे का, दिव्याचं बटण झोपल्या जागेवरून हाताला लागतं का, व्हीलचेअर असेल तर दाराला साधारण 80 सेंमी मोकळी जागा आहे का. भिंतीला ओल असेल आणि दम्याचा त्रास असेल तर ते घर नकोच. थंड प्रदेशात हीटिंगचं आधी विचारा, जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घरात किमान 18 अंश तापमान सुचवलंय, वयस्करांना त्याहून जास्त लागू शकतं.

आणि नकार आलाच तर कारण लेखी मागून घ्या, अपिलाची मुदत बहुतेक थोडीच असते.