मज्जारज्जूच्या साध्या गाठी : निदानात आणि शस्त्रक्रियेत या चुका टाळा

मज्जारज्जूवर दाब देणाऱ्या श्वानोमा (चेतातंतूच्या आवरणातील गाठ) किंवा मेनिन्जिओमा (मज्जारज्जूभोवतीच्या आवरणातील गाठ) यांसारख्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, सावकाश वाढतात आणि वेळेवर काढल्यास रुग्ण पुन्हा चांगला चालू लागतो. म्हणूनच त्या हुकल्या की मला फार वाईट वाटते.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे पाय अशक्त झाले की केवळ कमरेचा एमआरआय काढणे. प्रौढांचा मज्जारज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्यामुळे पाय ताठरलेले असतील, हातोडीने गुडघा जोरात उडत असेल आणि तळवा खरवडल्यावर अंगठा वर जात असेल, तर दोष त्याहून वर शोधला पाहिजे. माझ्याकडे आलेल्या पन्नाशीतील एका बाईंची कमरेच्या गादीची शस्त्रक्रिया आधीच झाली होती, तरी चालणे बिघडतच गेले होते. त्यांची गादी थोडी सरकलेली होती हे खरे. पण तशी ती त्या वयातील कितीतरी निरोगी माणसांत दिसते. मी पायापासून वर टाचणी टोचत गेलो, तेव्हा बेंबीच्या वर टोचणी एकदम स्पष्ट झाली, आणि छातीच्या मणक्यांच्या एमआरआयमध्ये मेनिन्जिओमा सापडला. गाठ पूर्ण निघाली, परंतु काठी सुटली नाही. तेव्हापासून रुग्णाला तपासल्याशिवाय मी फिल्म पाकिटातून बाहेर काढत नाही.

बधिरपणाची सीमा गाठीच्या पातळीपेक्षा बरीच खाली असू शकते, हेही विसरले जाते. १८८७ मध्ये ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ गावर्स यांनी निदान केलेली मज्जारज्जूची गाठ शल्यविशारद हॉर्स्ली यांना शस्त्रक्रियेत अपेक्षित जागी मिळाली नाही. आणखी वरचे हाड काढल्यावर ती दिसली. आज शस्त्रक्रियागृहात एक्स-रे असताना मणके दोनदा न मोजण्याला कोणतेही कारण नाही.

रात्री आडवे झाल्यावर वाढणारी पाठदुखी साधी समजू नये. गाठीचा संशय असताना एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) टाळू नये. मज्जारज्जूवर मोठा दाब असताना कमरेतून (मज्जारज्जूभोवतीचे) पाणी काढू नये. त्याने अशक्तपणा अचानक वाढू शकतो.

शस्त्रक्रियेतील घाईविषयी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. एपेंडिमोमा ही मज्जारज्जूच्या आतील गाठ आतून पोकळ करत काढता येते, म्हणून नवशिके हेमँजिओब्लास्टोमा या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीलाही तीच रीत लावतात आणि क्षणात सारे क्षेत्र रक्ताने भरते. ही गाठ कडेकडेने सोडवावी, आत येणाऱ्या धमन्या आधी बंद कराव्यात आणि रक्त वाहून नेणारी मुख्य शीर सर्वांत शेवटी. शीर आधी बंद केली तर गाठ फुगते. मज्जारज्जूच्या आतील गाठीसाठी मध्यरेषा नजरेच्या अंदाजाने धरू नये, कारण गाठीमुळे मज्जारज्जू पिळलेला असतो. दोन्ही बाजूंची मागची चेतामुळे (मज्जारज्जूला जोडलेल्या नसांची मुळे) जिथे आत शिरतात, त्यांच्या मधोमध ती शोधावी. शस्त्रक्रियेदरम्यान यंत्रावर पाहिले जाणारे, स्नायूंकडे जाणारे विद्युत संकेत क्षीण झाले, तर मी हत्यारे बाजूला ठेवतो, कोमट सलाइन सोडतो, भूलतज्ज्ञांना रक्तदाब वाढवायला सांगतो आणि थांबतो. संकेत परतले नाहीत, तर उरलेला तुकडा तसाच ठेवतो.