आठवीत एनसीसी घ्यावी का? माझा अनुभव

भाचा आठवीला गेला, परवा विचारत होता मामा एनसीसी घेऊ का, घरचे नको म्हणालेत. म्हटलं लिहूनच टाकतो, बाकीच्या पोरांना पण उपयोग होईल.

पहिलं म्हणजे एनसीसी घेतली की मिलिटरीत जावंच लागतं असं काही नाही बे. मी गेलो नाही, चिंचोळी एमआयडीसीत शिफ्ट सांभाळतो. शाळेत ज्युनिअर डिव्हिजन असते, दोन वर्षं, परेडला ७५ टक्के हजेरी आणि एक कॅम्प झाला की ए सर्टिफिकेटची परीक्षा देता येते. पण खरं वजन कॉलेजात मिळणाऱ्या सी सर्टिफिकेटला, त्यात निदान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर सैन्यात अधिकारी व्हायला एनसीसीच्या स्पेशल एंट्रीतून अर्ज करता येतो, त्यात लेखी परीक्षा नसते, अर्जांतून निवड झाली की थेट एसएसबी (अधिकारी निवडायच्या मुलाखती-चाचण्या). म्हणजे नुसत्या ए सर्टिफिकेटवर नोकरी लागेल म्हणून घेणार असाल तर राहू द्या.

मग शाळेत कशाला घ्यायची? माझं सांगतो. नववीत मला कॉर्पोरल (कॅडेटमधला छोटा हुद्दा) केलं, दंडावर दोन फिती लागल्या आणि डोक्यात हवा गेली. कमांड सगळ्या हिंदीत, दाहिने मुड, पीछे मुड, आणि आमच्या स्क्वाडमध्ये अर्धी पोरं घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी, त्यामुळं आधी हसूच यायचं. एकदा मी ‘थम’ चुकीच्या पायावर दिलं, पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले, मी पोरांवरच ओरडलो. उस्तादांनी (बटालियनचे हवालदार, सगळे उस्तादच म्हणतात) स्क्वाडला विश्राम दिला आणि मला एकट्याला मैदानाला चक्कर मारायला लावली, सोलापूरचं ऊन माहितीच आहे. कमांड तुझी, मग चूक कुणाची, एवढंच विचारलं.

दुसरं कॅम्पात. दहा दिवस, पाणी टँकरचं, आणि अंघोळीचे नंबर लावायचं काम माझ्याकडं. तसं आपल्याकडं नळाला पाणी रोज कुठं येतंय, त्यामुळं वाटलं हे सोपंय. मी पहिला नंबर आमच्या गल्लीतल्या दोस्ताचा लावला, दुसऱ्या दिवशी पण त्याचाच, तिसऱ्या दिवशी रूममधली पोरं माझ्याशी बोलेनात आणि कमांड दिली तरी मुद्दाम हळू हलायची. फिती होत्या की दंडावर, काय उपयोग. मग नंबर रोज एकानं पुढं सरकवायला लागलो, माझा स्वतःचा नंबर शेवटी ठेवला, दोस्त रुसला, पण दोन दिवसांत गाडी रुळावर आली. आता कामगारांच्या रात्रपाळ्या लावताना तोच तक्ता वापरतो.

सगळ्या शाळांत एनसीसी नसते, जागा पण मोजक्या, त्यामुळं शाळा उघडली की लगेच एनसीसीच्या सरांना गाठा. धावायची सवय आधीपासून करा. आणि नवीन बूट घालून थेट परेडला जाऊ नका, आठवडाभर घरात घालून फिरा, माझ्या टाचांचे फोड जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेपर्यंत गेले नव्हते.