केमोनंतरची मळमळ: गोळी उलटीच्या आधी घ्या

केमोच्या दिवशी उलटीचं इंजेक्शन सलाईनमधून आधीच दिलेलं असतं. त्यामुळे त्या रात्री बऱ्याच जणांना बरं वाटतं आणि घरी दिलेल्या गोळ्या 'लागल्या तर घेऊ' म्हणून तशाच राहतात. घोटाळा इथेच होतो. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधांची मळमळ दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा २४ तासांच्या आतला. दुसरा त्यानंतरचा, जो ४८ ते ७२ तासांच्या सुमारास सर्वात जास्त छळतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या बरं वाटत असलं तरी वेळेवर घ्यायच्या. उलट्या एकदा सुरू झाल्या की गोळी पोटात टिकत नाही.

घरी निघण्याआधी नर्सकडून एका कागदावर लिहून घ्या: कोणती गोळी रोज ठरल्या वेळी, किती दिवस, आणि कोणती फक्त मळमळ झाली तर. दोन्ही एकाच डबीत ठेवू नका.

प्रत्येक गोळीचा स्वभाव वेगळा असतो. ऑन्डान्सेट्रॉनने शौचाला घट्ट होतं आणि डोकं दुखतं. बद्धकोष्ठतेनेही मळमळ वाढते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या. डेक्सामेथासोन सकाळी खाल्ल्यावर घ्यावी, संध्याकाळी घेतली तर झोप उडते. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर वाढते, जास्त वेळा तपासा. ओलान्झापिनने गुंगी येते, म्हणून ती बहुधा रात्री देतात. पहाटे उठताना आधी कडेला बसा, मग उभे राहा. अ‍ॅप्रेपिटंट साधारणतः केमोच्या तासभर आधी आणि पुढचे दोन दिवस असते. तिच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन चालू असेल तर तेही आधी सांगायला हवं.

जिभेवर विरघळणारी गोळी पाकिटातून दाबून काढू नका, चुरा होतो. हात कोरडे करा, मागची फॉइल सोला, गोळी अलगद उचलून जिभेवर ठेवा. काही सेकंदांत ती विरघळते, मग लाळेबरोबर गिळा. पाण्याचा घोटही नकोसा होतो तेव्हा हिचा खरा आधार वाटतो.

गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर उलटीत गोळी दिसते का ते पाहा आणि वेळ लिहून ठेवा. पुन्हा घ्यायची का, हे फोन करून विचारा. गोळ्या वेळेवर घेऊनही उलट्या होत असतील तर त्याच गोळीचे डोस वाढवून फारसा फायदा नसतो, वेगळ्या गटातलं औषध लागतं. मात्र घरातली मळमळीची जुनी गोळी मनाने जोडू नका. ओलान्झापिनसोबत मेटोक्लोप्रमाइड नको. ऑन्डान्सेट्रॉनसोबत डोम्पेरिडोन घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. मेटोक्लोप्रमाइडने मान किंवा जबडा आखडला, जागेवर बसवेना, तर ती थांबवून लगेच कळवा.

हॉस्पिटलचा वास आठवूनच पोट ढवळत असेल तर लाजू नका, सांगा. ही मळमळ खरी असते, पण तिच्यावर नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. केमोच्या आदल्या रात्री लोराझेपाम ही मन शांत करणारी गोळी देता येते. मागच्या वेळी उलट्या जितक्या आटोक्यात, तितकी आठवणीनेच पोट ढवळण्याची ही सवय कमी लागते.

पाणीसुद्धा २४ तास टिकत नसेल, लघवी अगदी कमी किंवा गडद होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी फोन करा. उलटीत रक्त दिसलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असली तरी थांबू नका.