श्रद्धाळू कुटुंबांसाठी फॅमिली थेरपिस्ट घडवताना या चुका टाळा

फॅमिली थेरपीच्या प्रशिक्षणात श्रद्धेचा विषय बऱ्याचदा शेवटी, एखाद्या स्वतंत्र व्याख्यानात उरकला जातो. तोवर प्रशिक्षणार्थींनी डझनभर जेनोग्राम, म्हणजे कुटुंबातल्या पिढ्या आणि नाती दाखवणारे आराखडे, काढलेले असतात आणि त्यांतल्या एकातही देव, धर्म किंवा उपासना नसते. एकदा हात असा वळला की नंतरच्या व्याख्यानाने तो बदलत नाही. म्हणून पहिल्याच जेनोग्रामपासून सुरुवात करा. चौकोन, वर्तुळं, आत वय, भांडणाची नागमोडी रेघ, तुटलेल्या नात्याची खंडित रेघ हे सगळं काढून झालं की दुसऱ्या रंगाचं पेन हातात द्या. निदान तीन पिढ्यांत कोण काय मानतं, कुणी कधी पंथ बदलला, कुणाची प्रार्थना कुठल्या घटनेनंतर सुटली, आणि त्या सुटण्यावर घरात कोण बोलायचं थांबलं, हे त्या रंगात येऊ द्या. फॅमिली थेरपीच्या प्रवर्तकांपैकी एक, मरे बोवेन यांनी त्रिकोणाची जी कल्पना मांडली, ती इथे नेमकी उपयोगी पडते. नवरा-बायकोतला ताण वाढला की दोघांपैकी एकजण देवाला किंवा धर्मगुरूला तिसऱ्या कोपऱ्यात बसवतो. हा कोपरा कागदावर दिसला नाही, तर सत्रातही दिसत नाही.

‘देवाची इच्छा’ ऐकून मान डोलावणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. आई म्हणते, “जे झालं ती देवाचीच इच्छा.” समोरचा प्रशिक्षणार्थी आदराने मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. त्याच क्षणी सोळा वर्षांच्या मुलीने बुटाच्या नाडीकडे नजर वळवलेली असते आणि वडिलांनी खुर्ची दोन इंच मागे सरकवलेली असते. आदर दाखवण्याच्या नादात त्याचं दोघांकडेही लक्ष जात नाही. दुसरा एखादा प्रशिक्षणार्थी याच्या उलट करतो, ‘पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ असं विचारतो, आणि आईला तिची श्रद्धा खोटी ठरवल्यासारखं वाटतं.

इटलीतल्या फॅमिली थेरपिस्टांच्या मिलान गटाने 1980 मध्ये गृहीतक (कुटुंबाबद्दलचा तपासून पाहायचा अंदाज), वर्तुळाकार प्रश्न (एकाला घरातल्या इतरांच्या वागण्याबद्दल विचारणं) आणि तटस्थता (कुणाचीही बाजू न घेणं) यांची सांगड घातली. पुढे 1987 मध्ये त्याच गटातल्या जियानफ्रांको चेकिन यांनी तटस्थतेचा अर्थ कुतूहल असा लावला. श्रद्धेच्या बाबतीत हे कुतूहलच कामाला येतं. प्रश्न असे हवेत: हे वाक्य घरात सगळ्यात आधी कोण म्हणतं? ते म्हटल्यावर कोण गप्प होतं आणि कुणाला हायसं वाटतं? आजी इथे असती तर तिने याला दुजोरा दिला असता का? यातला एकही प्रश्न ‘देवाची इच्छा’ खरी की खोटी हे ठरवत नाही. ते वाक्य त्या घरात काय काम करतं, एवढंच तो उलगडतो.

सराव असा घ्या. दहा मिनिटांचा रोल-प्ले चालू करा, हे वाक्य आलं की तिथेच थांबवा. तीन प्रशिक्षणार्थींनी एकामागून एक, प्रत्येकी एकच प्रश्न विचारायचा. मग कुटुंबातल्या भूमिका करणाऱ्यांनी सांगायचं की कुठल्या प्रश्नाने तोंड उघडलं आणि कुठल्याने मिटलं. अशा तीन-चार फेऱ्यांत प्रश्नांची धार बदललेली दिसते.

एकाच्या उत्तरावर सगळं कुटुंब मोजणं

डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांची फिका (FICA) प्रश्नावली श्रद्धा, तिचं महत्त्व, समुदाय आणि उपचारात तिची दखल कशी घ्यायची, या चार गोष्टी विचारते. ती एका रुग्णाशी बोलण्यासाठी आहे. प्रशिक्षणार्थी मात्र ती वडिलांना विचारतो आणि कागदावर ‘कुटुंब श्रद्धाळू’ असं लिहून मोकळा होतो. एका घरात चार माणसं चार तऱ्हेने मानतात. प्रत्येकाला विचारा, आणि मुलांना आई-वडिलांसमोर विचारू नका. श्रद्धा नेहमी आधारच देते असंही धरू नका. धर्माचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांच्या अभ्यासात, ‘देव मला शिक्षा देतोय’ किंवा ‘देवाने मला टाकलं’ अशी धारणा वाढत्या मानसिक त्रासाशी जोडलेली आढळते. चिंता शमावी म्हणून तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा ‘बरोबर’ म्हणण्याची सक्ती असेल, तर ते भक्तीचं लक्षण समजू नका. ओसीडीच्या, म्हणजे नकोसे विचार आणि सक्तीच्या कृती यांच्या आजाराच्या, तज्ज्ञाकडे पाठवा.

धर्माचा निवाडा आणि क्षमेची घाई

ग्रंथात काय लिहिलंय हे थेरपिस्टने सांगू नये, श्रद्धा त्याच परंपरेतली असली तरी नाही. कुटुंब कुणाचा शब्द मानतं ते विचारावं. त्या धर्मगुरूशी बोलायचं ठरलं, तर प्रत्येक प्रौढाची वेगळी लेखी संमती घ्या, आणि काय सांगायचं, काय नाही, हे त्यातच नमूद करा. सत्रात प्रार्थनेची मागणी आली, तर ती कुणाला हवी आणि कुणाला नको म्हणता येत नाहीये, हे आधी बघा.

मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा धाकदपटशाचा संशय असेल, तर एकत्र सत्र घेऊ नका. प्रत्येकाला वेगळं भेटा, सुरक्षिततेची योजना आधी करा. मूल धोक्यात असेल, तर कायद्याने लागणारी सूचना देण्याचं कर्तव्य धर्माच्या मुद्द्याने मागे पडत नाही. अशा घरात ‘माफ कर’ हा शब्द पीडित व्यक्तीचं तोंड बंद करायला वापरला जातो. क्षमा आणि पुन्हा एकत्र राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची गती पीडित व्यक्तीनेच ठरवायची. तटस्थता इथे चालत नाही.

सुपरव्हिजनमधली चूक

स्वतः काय मानता, हे प्रशिक्षणार्थीला विचारण्याचा हक्क सुपरव्हायझरला, म्हणजे त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या थेरपिस्टला, नाही. धर्म सोडलेला प्रशिक्षणार्थी श्रद्धाळू वडिलांवर लवकर चिडतो, श्रद्धाळू प्रशिक्षणार्थी दुःखाची चौकशी न करताच दिलासा देऊन टाकतो. दोन्ही गोष्टी रेकॉर्डिंगमध्ये दिसतात. पाच मिनिटं चित्रफीत लावा, श्रद्धेचा उल्लेख आला की थांबवा, आणि विचारा: “या क्षणी तुझी घाई कशाची होती?”